पडद्यावरच्या आकड्यामागचे गणित कारखान्याच्या हाती हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुणे परिसरातील कारखानदारीविषयी आपल्या दैनिकात नेहमी लिहून येते आणि अलीकडे त्यात रोबो, विजेवरची वाहने आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांना साहजिकच मोठी जागा मिळते. भोसरी, चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यात प्रेस, टेस्ट रिग (चाचणीची यंत्रे) आणि खास कामासाठी बनवलेली मशीन्स यांच्या देखभालीचे काम करणारा एक अभियंता म्हणून मला त्याहून कमी चर्चेत असलेल्या एका गोष्टीकडे आपल्या वाचकांचे, विशेषतः लघुउद्योजकांचे, लक्ष वेधायचे आहे. मशीनचा कंट्रोलर आता सेन्सरने दिलेला आकडा जसाच्या तसा मानतोच असे नाही. दोन, तीन, कधी चार सेन्सरांचे आकडे घेऊन तो त्यांचे गणित करतो आणि त्या गणितातून निघालेल्या आकड्यालाच मशीनची खरी स्थिती समजून मोटर किंवा व्हॉल्व्ह चालवतो. ही सोय उत्तम आहे. तिच्यामुळे पूर्वी न जमणारी कामे जमू लागली आहेत. परंतु ते गणित नेमके काय आहे, हे मशीन विकत घेणाऱ्याला, चालवणाऱ्याला आणि दुरुस्त करणाऱ्याला बहुतेक वेळा ठाऊक नसते. ते ठाऊक असले पाहिजे आणि मशीनबरोबरच लेखी मिळाले पाहिजे, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

या क्षेत्राशी संबंध नसलेल्या वाचकांसाठी थोडे मुळापासून सांगतो. ज्या मशीनमध्ये एखादा भाग ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेगाने किंवा ठरलेल्या जोराने न्यायचा असतो, तिथे कंट्रोलर सतत दोन आकडे ताडून पाहत असतो : भाग कुठे असायला हवा आणि प्रत्यक्षात कुठे आहे. यातला दुसरा आकडा म्हणजे फीडबॅक. दोहोंत फरक पडला की कंट्रोलर आपला हुकूम बदलतो आणि चांगल्या मोशन कंट्रोलरमध्ये हे चक्र सेकंदाला हजार किंवा त्याहून अधिक वेळा फिरते. त्यामुळे फीडबॅकच चुकीचा असेल तर मोटर, ड्राइव्ह, व्हॉल्व्ह सारे उत्तम असूनही मशीन चुकीच्या जागी जाऊन थांबते आणि पडद्यावर मात्र सगळे ठीक दिसत राहते.

साधे उदाहरण घ्या. १० मिलिमीटर पिचच्या, म्हणजे एका फेऱ्याला १० मिलिमीटर सरकवणाऱ्या, बॉलस्क्रूवर चालणारे टेबल आहे आणि मोटरच्या मागे एका फेऱ्याला १०,००० काउंट देणारा एन्कोडर आहे, तर एक काउंट म्हणजे एक मायक्रॉन झाला. पण एन्कोडर मोजतो तो मोटरचा फेरा, टेबलाची जागा नव्हे. एक मीटर लांबीचा पोलादी स्क्रू ५ अंश सेल्सिअसने तापला तर तो ५५ ते ६० मायक्रॉनने वाढतो आणि ही वाढ मोटरवरच्या एन्कोडरला कळण्याचा मार्गच नसतो. म्हणून टेबलावर वेगळी लिनिअर स्केल (सरळ रेषेतली जागा मोजणारी पट्टी) बसवून जागा स्केलवरून आणि वेग मोटरच्या एन्कोडरवरून घेतात, किंवा स्क्रूजवळ तापमानाचा सेन्सर लावून त्यावरून दुरुस्ती काढतात. फीडबॅकमध्ये गणित शिरते ते असे.

हायड्रॉलिक प्रेसमध्ये हे गणित अधिक मोलाचे ठरते आणि पुण्याच्या वाहन उद्योगाला पत्र्याचे भाग पुरवणाऱ्या कित्येक कारखान्यांचे पोट अशा प्रेसवर चालते. रुंद रॅम (जॉबवर, म्हणजे घडवायच्या भागावर, दाब देणारा सरकता भाग) असलेल्या प्रेसला डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन सिलिंडर असतात, प्रत्येकाला जागा मोजणारा स्वतंत्र ट्रान्सड्यूसर असतो. रॅमची जागा कोणती मानायची? स्वाभाविक उत्तर म्हणजे दोघांची सरासरी, आणि बहुतेक ठिकाणी तीच घेतली जाते. समजा, रॅम वरून ३०० मिलिमीटर खाली न्यायचा हुकूम आहे. डावा ट्रान्सड्यूसर ३०२ दाखवतो, उजवा २९८. सरासरी बरोबर ३००. कंट्रोलरच्या मते काम फत्ते झालेले असते, पण रॅम मात्र ४ मिलिमीटरने कललेला असतो, जॉबची जाडी एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त येते, गाइड बुश एका अंगाने झिजत जातो आणि डायची (साच्याची) धार त्याच अंगाला लवकर बसते.

म्हणून अशा प्रेसमध्ये एक नव्हे, दोन आकडे काढावे लागतात. सरासरी म्हणजे रॅमची खोली आणि दोघांतला फरक म्हणजे रॅमचा कल. खोली हुकुमाप्रमाणे बदलत राहते, कल मात्र सदैव शून्यावर ठेवायचा असतो. म्हणजे कल हा जणू दुसरा स्वतंत्र अक्ष (नियंत्रित करायची स्वतंत्र हालचाल) मानून त्याचेही नियंत्रण करायचे आणि दोन्ही नियंत्रणांचे उत्तर एका व्हॉल्व्हला बेरजेने आणि दुसऱ्याला वजाबाकीने द्यायचे. चार कोपऱ्यांवर चार सिलिंडर असतील तर सरासरी, पुढे-मागे कल आणि डावा-उजवा कल असे तीन आकडे तर निघतातच, शिवाय चौथाही उरतो : कर्णाच्या दोन टोकांचे कोपरे वर आणि दुसरे दोन खाली, म्हणजे प्लेटला पीळ. वाहनाच्या चारही चाकांखाली सिलिंडर ठेवून खडबडीत रस्ता उभा करणाऱ्या टेस्ट रिगमध्येही हेच चार आकडे कामाला येतात. १९६६ साली ‘एआरएआय’ या वाहन-संशोधन संस्थेची स्थापना झाल्यापासून वाहनचाचणीची परंपरा असलेल्या या शहरात हे गणित नवे नाही. नवे आहे ते एवढेच, की पूर्वी फक्त महागड्या चाचणी-यंत्रणेत मिळणारी ही सोय आता मध्यम किमतीच्या मोशन कंट्रोलरमध्येही आहे. वापरणाऱ्याने आपले सूत्र लिहायचे, कंट्रोलर प्रत्येक चक्रात ते सोडवतो आणि उत्तर थेट त्या अक्षाचा फीडबॅक म्हणून वापरतो.

ही सोय हाती असूनही अर्धवट वापरली तर काय होते, ते मी भोसरीतील एका प्रेसशॉपमध्ये जवळून पाहिले. मशीनच्या पडद्यावर रॅमच्या जागेचा एकच आकडा दिसत होता आणि तो नेहमी बरोबर असायचा. तक्रार होती ती जॉब एका बाजूला पातळ येण्याची. डाय बदलून झाली, शिम टाकून झाले, ऑपरेटरवर राग काढून झाला. प्रोग्रॅम पासवर्डने बंद होता, मशीन बनवणाऱ्या कंपनीतला ज्याने तो लिहिला तो माणूस नोकरी सोडून गेला होता आणि मॅन्युअलमध्ये फीडबॅकविषयी अवाक्षर नव्हते. शेवटी पॅनेल उघडून दोन्ही ट्रान्सड्यूसरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावला. ट्रान्सड्यूसर ४०० मिलिमीटर स्ट्रोकचे आणि शून्य ते दहा व्होल्ट देणारे होते, म्हणजे एका मिलिमीटरला २५ मिलिव्होल्ट. रॅम खाली थांबलेला असताना डावीकडे ७.५५ व्होल्ट मिळाले, उजवीकडे ७.४५. एक दशांश व्होल्टच्या त्या फरकात ४ मिलिमीटरचा कल दडलेला होता आणि कंट्रोलर त्याची सरासरी काढून तो रोज झाकून टाकत होता. फरकाचे गणित प्रोग्रॅममध्ये लिहिलेच नव्हते. दोन्ही मूळ आकडे पडद्यावर दाखवण्याची साधी सोय केली असती, तर तिथला दहावी झालेला ऑपरेटरही पहिल्याच दिवशी बोट ठेवून म्हणाला असता, की साहेब, हे दोन आकडे जुळत नाहीत.

जोराचे गणितही असेच आहे आणि त्यात फसगत व्हायला अधिक जागा आहे. १०० मिलिमीटर बोअर (आतला व्यास) आणि ७० मिलिमीटर रॉडचा सिलिंडर घेऊ. पिस्टनच्या पूर्ण बाजूचे क्षेत्रफळ सुमारे ७,८५४ चौरस मिलिमीटर भरते आणि रॉडच्या बाजूचे सुमारे ४,००६. पूर्ण बाजूला १०० बार दाब असेल तर ढकलणारा जोर सुमारे ७८.५ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने आठ टन. समोरच्या गेजवरून ऑपरेटर एवढाच जोर धरून चालतो. पण रॉडच्या बाजूला परतीचे तेल ५० बार दाबाने अडून बसले असेल, तर ते २० किलोन्यूटन जोराने उलट ढकलत असते आणि जॉबवर पडतो तो जोर जेमतेम सहा टनांचा. दोन्ही बाजूंना दाबाचे सेन्सर बसवायचे, प्रत्येक दाबाला त्या त्या क्षेत्रफळाने गुणायचे आणि वजाबाकी करायची, एवढे केले की प्रेसला जागेऐवजी जोरावर चालवता येते. रबराचे भाग दाबून साचात धरणे, बुश दाबून बसवणे, पावडरची गोळी दाबणे अशा कामांत याचा मोठा उपयोग होतो. यात एकके सांभाळावी लागतात. जुन्या गेजवर किलो प्रति चौरस सेंटिमीटर, नव्या ट्रान्समीटरवर बार आणि बाहेरून आलेल्या मशीनवर पीएसआय, अशी सरमिसळ आपल्या शॉपफ्लोअरवर सर्रास आढळते. किलो आणि बार यांतला फरक दोन टक्क्यांचा असल्याने तो पटकन जाणवत नाही, म्हणूनच तो वर्षानुवर्षे सूत्रात राहून जातो.

मात्र गणिताने सेन्सरची जागा सर्वस्वी भरून निघते, असा समज करून देणाऱ्या विक्रेत्यांशी मी सहमत नाही. वरच्याच सिलिंडरवर २५० बार रेंजचे आणि पूर्ण रेंजच्या अर्धा टक्का अचूकतेचे सेन्सर बसवले, तर प्रत्येकाची संभाव्य चूक सव्वा बार होते. क्षेत्रफळाने गुणल्यावर एका बाजूने जवळजवळ एक किलोन्यूटन आणि दुसऱ्या बाजूने अर्धा, म्हणजे वाईटात वाईट वेळी दीड किलोन्यूटनची, साधारण दीडशे किलोची चूक. साठ किलोन्यूटनच्या कामात ती खपून जाते. पण ज्या कामाला तीन किलोन्यूटनच हवे आहेत, तिथे चूक निम्म्यावर गेली. सिलिंडरमधल्या तेल अडवणाऱ्या सिलच्या घर्षणाचा तर या गणितात पत्ताच नसतो. अशा ठिकाणी रॅमखाली लोडसेल (जोर थेट मोजणारा सेन्सर) बसवण्याला पर्याय नाही आणि हे ग्राहकाला आधीच सांगणे हे मशीन बनवणाऱ्याचे कर्तव्य आहे.

वेळेचा मुद्दा याहून सूक्ष्म आहे आणि प्रत्यक्षात अनेक चांगले प्रोग्रॅम तिथेच अडखळतात. कल काढायचा तर दोन्ही ट्रान्सड्यूसरचे आकडे एकाच क्षणाचे असायला हवेत. एक आकडा थेट कंट्रोलरमध्ये आला आणि दुसरा नेटवर्कवरून ४ मिलिसेकंद उशिरा पोहोचला, तर सेकंदाला २५० मिलिमीटर वेगाने उतरणाऱ्या रॅममध्ये एक मिलिमीटरचा खोटा कल दिसू लागतो. रॅम सरळच असतो, पण कंट्रोलर त्याला सरळ करायला जातो आणि वाकडा करून ठेवतो. रॅम थांबला की हा खोटा कल नाहीसा होतो, म्हणून थांबलेल्या मशीनवर तपासणी केली तर दोष सापडतच नाही. आकडा फार थरथरतो म्हणून वीस नोंदींची सरासरी घेण्याची सवयही अशीच अंगाशी येते. एक मिलिसेकंदाच्या चक्रात ती सरासरी सुमारे दहा मिलिसेकंद मागचे चित्र दाखवते आणि याच वेगात तेवढ्या अवधीत रॅम दोन मिलिमीटरांहून पुढे गेलेला असतो. ज्यांना हे गणित पीएलसीच्या (मशीनची एकूण कामे क्रमाने चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) प्रोग्रॅममध्ये करायची सवय आहे, त्यांनी ते मोशन कंट्रोलरच्या चक्रातच करावे, असा माझा आग्रह असतो. कारण पीएलसीचा स्कॅन, म्हणजे प्रोग्रॅमचा एक फेरा, दहा-वीस मिलिसेकंदांचा असू शकतो आणि तो दर वेळी सारखाच असेल याचीही खात्री नसते.

आता बिघाडाविषयी. एक सेन्सर आणि एक अक्ष असतो तेव्हा वायर तुटली तर काय होईल, याचा अंदाज कोणालाही बांधता येतो. गणित मधे आले की परिणाम ओळखू येत नाहीत. वरच्या प्रेसमध्ये दोन्ही ट्रान्सड्यूसर ३०० दाखवत असताना उजव्याची वायर तुटली आणि त्या टर्मिनलवर शून्य व्होल्ट आले, तर सरासरी एकदम १५० होते. रॅम तर खालीच उभा आहे. पण रॅम अजून १५० मिलिमीटर वर आहे असे समजून कंट्रोलर व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो आणि त्याला आणखी खाली रेटतो. म्हणून सूत्र लिहिताना प्रत्येक आकडा खरा मानण्याजोगा आहे का, हे आधी तपासावे लागते आणि नसेल तर उत्तर न देता बिघाड जाहीर करावा लागतो. ४ ते २० मिलिअँपिअरचा सेन्सर या बाबतीत अधिक भरवशाचा, कारण त्यात शून्य स्थितीलाही ४ मिलिअँपिअर असतात, प्रवाह ३.६ च्या खाली गेला की वायर किंवा सेन्सर गेला असे समजता येते. शून्य ते दहा व्होल्टच्या सेन्सरमध्ये खरा शून्य आणि तुटलेली वायर यांत फरक करता येत नाही.

काही प्रोग्रॅममध्ये एक सेन्सर गेला की दुसऱ्या एकट्यावर काम चालू ठेवण्याची व्यवस्था असते. उत्पादन थांबू नये या हेतूने ती ठेवलेली असते, पण ती अर्धवट लिहिली तर घातक ठरते. डावा ३०२, उजवा २९८ आणि सरासरी ३०० असताना उजवा गेला व सूत्राने एकट्या डाव्याकडे उडी मारली, तर एका चक्रात फीडबॅक २ मिलिमीटरने सरकतो. एका मिलिसेकंदात २ मिलिमीटर म्हणजे सेकंदाला दोन मीटर वेग झाला. तो खोटा वेग पाहून कंट्रोलर व्हॉल्व्हला जो झटका देतो, त्याने तेलाची नळी (होज) फुटल्याचेही प्रकार घडतात. एक तर रॅम नियंत्रित रीतीने थांबवावा, नाही तर जुन्या आकड्यावरून नव्यावर हळूहळू सरकावे. चिन्हाची चूक तर सर्वांत धोक्याची. सूत्रात अधिकच्या जागी उणे पडले की दुरुस्ती करणारा हुकूमच चूक वाढवू लागतो आणि अक्ष थेट शेवटच्या स्टॉपवर जाऊन आदळतो.

हे सारे तज्ज्ञांचे काम आहे, कारखान्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. पण कमिशनिंगच्या, म्हणजे मशीन प्रथम सुरू करून देण्याच्या, दिवशी तज्ज्ञ असतो. त्यानंतरची पंधरा-वीस वर्षे मशीनजवळ असतो तो कारखान्याचा फिटर आणि इलेक्ट्रिशियन. ४०० मिलिमीटरचा ट्रान्सड्यूसर बिघडला आणि बाजारात ५०० मिलिमीटरचा मिळाला, तर तो बसवणारा हाच माणूस असतो. सूत्र त्याच्या हाती असेल तर एका मिलिमीटरला २५ ऐवजी २० मिलिव्होल्ट धरायचे, एवढाच बदल आहे. नसेल तर ते मशीन त्या दिवसापासून खोटे मोजू लागते.

लपवलेल्या गणिताची किंमत किती मोठी असू शकते, हे बोइंग ७३७ मॅक्स विमानांच्या दोन अपघातांनी जगाला दाखवले. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी लायन एअरचे आणि १० मार्च २०१९ रोजी इथिओपियन एअरलाइन्सचे विमान कोसळून एकूण ३४६ जणांचे प्राण गेले. विमानाचे नाक आपोआप खाली दाबणारी ‘एमकॅस’ ही प्रणाली, विमानावर हवेचा कोन मोजणारे दोन सेन्सर असतानाही, एका वेळी त्यांतल्या एकाच सेन्सरवर विसंबून होती आणि पहिल्या अपघातापूर्वी वैमानिकांच्या मॅन्युअलमध्ये तिचे वर्णनही नव्हते. दुरुस्तीनंतर ही प्रणाली दोन्ही सेन्सरांची तुलना करू लागली. भोसरीतली प्रेस आणि विमान यांची बरोबरी मी करत नाही. पण ज्याच्या हाती यंत्र आहे त्यालाच यंत्र कशाच्या आधारे निर्णय घेते हे सांगायचे नाही, ही वृत्ती दोन्हीकडे एकच आहे.

मशीन बनवणाऱ्यांची बाजूही मला ठाऊक आहे. सूत्र दिले की प्रतिस्पर्धी ते उचलतील, ग्राहकाचा माणूस त्यात हात घालून बिघडवेल आणि वॉरंटीचा वाद उभा राहील, असे ते सांगतात. यातला दुसरा धोका खरा आहे, म्हणून बदल करण्याचा अधिकार पासवर्डमागे ठेवायला माझी हरकत नाही. वाचण्याचा अधिकार मात्र खुला हवा. दोन आकड्यांची सरासरी किंवा दाब गुणिले क्षेत्रफळ हे काही कोणाचे व्यवसायगुपित नव्हे. गुपित असेल तर ते जॉबच्या प्रक्रियेत, वेगाच्या टप्प्यांत आणि कंट्रोलरच्या ट्युनिंगमध्ये असते, आणि ते खुशाल झाकून ठेवावे. मंडईतल्या वजनकाट्यावर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का असतो, कारण तिथे आकड्यावर पैशाची देवघेव होते. लाखो रुपयांच्या मशीनवर तयार होणारा प्रत्येक भाग ज्या आकड्यावर पास किंवा रिजेक्ट होतो, तो आकडा कसा निघाला हे विचारण्याचा हक्क कारखान्याला का नसावा?

सुरक्षेविषयी स्पष्ट सांगणे आवश्यक वाटते. गणिताने काढलेला जोर अचानक वाढला तर रॅम थांबवायचा, अशी सोय केली की लाइट कर्टन (हात आत गेला की मशीन थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) किंवा दोन्ही हातांनी दाबायची बटणे कशाला हवीत, असा विचार काही ठिकाणी ऐकू येतो. हा विचार जिवावर बेतणारा आहे. नेहमीच्या कंट्रोलरमधले गणित उत्पादनासाठी असते. माणसाच्या संरक्षणाची साखळी त्यापासून स्वतंत्र आणि आयएसओ १३८४९ सारख्या यंत्रसुरक्षेच्या मानकानुसार तपासलेली असली पाहिजे. यंत्राच्या धोकादायक भागांना संरक्षण देण्याची सक्ती आपल्याकडे निदान १९४८ च्या कारखाने अधिनियमापासून तरी आहे आणि प्रेसवर बोटे गमावलेली माणसे या पट्ट्यातल्या कोणत्याही जुन्या कामगाराच्या ओळखीत सापडतात. जोर वाढल्याचे कंट्रोलरला कळते तेव्हा बोट आधीच डायखाली आलेले असते.

शिक्षणाकडून माझी अपेक्षा फार मोठी नाही. १८५४ पासून अभियांत्रिकी शिकवणाऱ्या सीओईपीपासून शासकीय तंत्रनिकेतन आणि औंधच्या आयटीआयपर्यंत पुण्यात शिकवणाऱ्यांची वाण नाही. पण सेन्सर एका विषयात, पीएलसी दुसऱ्यात आणि हायड्रॉलिक्स तिसऱ्यात शिकलेल्या मुलाला हे तिन्ही एकत्र येतात ती जागा कामावर रुजू झाल्यावरच दिसते. एका सपाट पट्टीच्या दोन टोकांना दोन साधी पोटेन्शिओमीटर (जागा बदलली की व्होल्ट बदलणारे सुटे भाग) बसवा, मुलांकडून सरासरी आणि फरक काढून घ्या आणि मग एक वायर उपटून विचारा, की आता कंट्रोलर काय समजेल. पोटेन्शिओमीटर काही महाग नाहीत. एका दुपारच्या या प्रात्यक्षिकातून जे उमजेल, ते पानभर व्याख्यांतून उमजणार नाही.

ज्यांच्याकडे अशी मशीन्स आधीच आहेत, त्यांनी वाट पाहत बसू नये. आपल्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवारची साप्ताहिक सुट्टी देखभालीसाठीच वापरली जाते. त्या दिवशी रॅम तीन वेगवेगळ्या उंचींवर थांबवून, ब्लॉकवर टेकवून, दोन्ही टोकांना डायल गेज लावून जागा मोजावी, त्याच वेळी टर्मिनलवरचे व्होल्ट किंवा मिलिअँपिअर लिहून घ्यावेत आणि पडद्यावरचा आकडा त्यांच्या शेजारी मांडावा. तीन रकाने जुळले तर उत्तम. न जुळल्यास मशीन बनवणाऱ्याला विचारायचा नेमका प्रश्न हाती येतो. हा कागद पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावा आणि सेन्सर बदलला की नव्याने भरावा.

नव्या खरेदीसाठी मात्र ऑर्डरमध्येच अट घालणे हा खरा उपाय आहे. मोठ्या कंपन्या ती स्वतः घालून घेतील, लहान कारखान्यांचे तेवढे चालत नाही. म्हणून १९३४ पासून इथल्या उद्योजकांची बाजू मांडणाऱ्या मराठा चेंबरने आणि एमआयडीसीतील लघुउद्योजकांच्या संघटनांनी एक नमुना-अट तयार करून सभासदांना द्यावी, अशी माझी जाहीर विनंती आहे. सुरुवात म्हणून तिचा मसुदा इथेच देतो : ‘मशीनच्या कोणत्याही अक्षाचा फीडबॅक एकापेक्षा अधिक सेन्सरांवरून किंवा सूत्राने काढला जात असल्यास ते सूत्र, त्यातील प्रत्येक स्थिरांक व त्याचे एकक, प्रत्येक सेन्सरची रेंज आणि सेन्सर बिघडल्यास कंट्रोलर काय करतो याचे वर्णन पुरवठादाराने मॅन्युअलमध्ये मराठीत किंवा ग्राहक सांगेल त्या भाषेत द्यावे, सेन्सरांचे मूळ आकडे आणि सूत्राचे उत्तर पडद्यावर एकाच पानावर, पासवर्डशिवाय दिसावे, आणि कमिशनिंगच्या वेळी प्रत्येक सेन्सरची वायर एकेक करून काढून मशीन सुरक्षित थांबते हे ग्राहकाच्या माणसासमोर दाखवल्याखेरीज शेवटचा हप्ता देय होणार नाही.’

कळावे,
आपला नम्र,
एक देखभाल अभियंता, भोसरी, पुणे